शेपटीवर उभा डायनासोर

सिव्हिल लाइन्समध्ये कुणाच्या फाटकात कुत्रा असे, कुणाच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या असत, आणि इंदुताई जोगळेकरांच्या व्हरांड्यात डायनासोर असे. माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच. जबडा उघडा, पुढचे हात छातीशी आखडलेले, आणि मागे जाडजूड शेपूट जमिनीवर टेकवून अगदी ताठ उभा. दूधवाला रोज सकाळी सायकल लावताना त्याला "राम राम" घालायचा. दसऱ्याला घरातल्या यंत्रांना आणि स्कूटरला झेंडूची माळ पडली की एक माळ त्याच्याही गळ्यात पडायची. नवीन पोस्टमन पहिल्या दिवशी पत्रं फाटकातूनच फेकून पळाला होता, ते वेगळं.

इंदुताई आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी हिंदी. मुलींची हिंदी माध्यमाची शाळा, सगळ्या शिक्षिका 'बहनजी'. झाशीच्या मुलींना 'ळ' म्हणता येत नाही, म्हणून त्या 'जोगलेकर बहनजी'. पाठीमागे नाव होतं 'डायनासोर बहनजी', आणि ते त्यांना माहीत होतं. त्याचा राग नव्हता. राग यायचा तो कुणी त्यांना पाहून 'मॅमथ' म्हटलं की. "मॅमथ हा हत्तीचा नातलग आहे, शरू. केसाळ हत्ती. तो डायनासोर नव्हे. चिडवायचं तर निदान नीट चिडवा की!" हे त्या खरोखरच्या तळमळीने म्हणत.

आमचं घर झाशीतलं जुनं. किती पिढ्या झाल्या ते आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या मराठीत निम्मी हिंदी, आणि उरलेल्या निम्म्यात असले शब्द की पुण्याहून आलेले पाहुणे तोंडाला पदर लावून हसायचे. इंदुताई साताऱ्याच्या. लष्करातल्या नवऱ्याबरोबर या मुलखात आल्या आणि इथल्याच झाल्या. त्या माझ्या बोलण्याला कधी हसल्या नाहीत. बोलणं कसंही असो, त्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असे: समोरचा माणूस एखाद्या मेलेल्या जनावराबद्दल काही चुकीचं तर बोलत नाही ना! तेवढं सोडलं तर बाई गायीसारखी गरीब. पण तेवढं सोडता येत नसे, हीच तर पंचाईत.

एकदा शाळेत तपासणीला साहेब आले. प्रार्थनेनंतर मुलींपुढे भाषण झालं. साहेब रंगात येऊन म्हणाले, "बेटियो, सोचो, आदिमानव कितना बहादुर था! एक तरफ़ डायनासोर, दूसरी तरफ़ वह, हाथ में बस एक पत्थर!" मुख्याध्यापिका बाईंनी टाळ्यांसाठी हात उचलले होते. तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून इंदुताईंचा आवाज आला, "ग़लत."

साहेब म्हणाले, "जी?"

"सर, वे दोनों कभी मिले ही नहीं," इंदुताई म्हणाल्या. आवाजात उद्धटपणा नावाला नव्हता. घरी आलेल्या पाहुण्याला 'चप्पल उलटी घातलीत' असं सांगावं, तसा आवाज. "मैं अभी दिखाती हूँ." आणि त्यांनी स्टाफरूममधून आपली जुनी चंदेरी साडी मागवली.

ती साडी म्हणजे त्यांचं शिकवायचं सामान होतं. एक टोक एका मुलीच्या हातात, दुसरं दुसरीच्या, आणि साडी व्हरांडाभर ताणायची. नेसायला खोचतो त्या टोकाला पृथ्वी जन्मली. मग चालत चालत यायचं. निऱ्या गेल्या, काही नाही. फार तर पाण्यात शेवाळ. कमरेचा वेढा गेला, अजून काही नाही. पदर आला. पदराचं टोक वीतभरावर राहिलं की डायनासोर उगवले. चार बोटं राहिली, संपले. "आणि माणूस?" असं विचारून त्या पदराच्या अगदी शेवटच्या दशीतला एक धागा चिमटीत धरायच्या. "हा. हा इथे. दगड घेऊन."

साहेबांनी तो धागा स्वतः चिमटीत धरून पाहिला. माणूस दिलदार असावा. खूप हसले आणि शेरा चांगला लिहून गेले. पण आमच्या मुख्याध्यापिका बाई तासभर पंख्याखाली वारा घेत बसल्या होत्या. मी इंदुताईंना म्हटलं, "अहो, काय गरज होती? साहेब गेले असते आपल्या वाटेने." त्या म्हणाल्या, "साहेब गेले असते गं. पण मुलींच्या डोक्यात तो दगडवाला राहिला असता."

माणिक चौकात एक खेळण्यांचं दुकान होतं, गुप्ताजींचं. मधल्या काळात डायनासोरांचा तो परदेशी सिनेमा हिंदीत येऊन गेला आणि गावातल्या प्रत्येक पोराला डायनासोर हवा झाला. गुप्ताजींनी प्लास्टिकच्या पिशव्यांतून डायनासोरांचे संच आणले. आम्ही दोघी बांगड्या घ्यायला गेलो होतो. इंदुताईंची नजर तिकडे गेली, आणि मी मनात म्हटलं, आता बांगड्या विसरा.

त्यांनी एक पिशवी सोडली आणि गल्ल्यासमोरच ढीग लावायला सुरुवात केली. "यह नहीं है. यह भी नहीं. यह हाथी है, भैया, इसके बाल देखो. यह उड़नेवाला, यह अलग ख़ानदान है. और यह पीठ पर पंखेवाला तो डायनासोर से पहले का है, यह तो हमारे-आपके ज़्यादा नज़दीक है."

"हमारे नज़दीक?" गुप्ताजींनी ते पाठीवर शीड असलेलं जनावर उचलून दुरून पाहिलं. मग बिचारे हात जोडून म्हणाले, "बहनजी, आप आधा माल तो छाँट के अलग कर दीं. अब इस थैली में बचा क्या?"

"जो बचा, वह सही बचा."

मला वाटलं, हा माणूस आता आम्हाला दुकानात पाऊल टाकू देणार नाही. पण काही महिन्यांनी गेले तर गुप्ताजी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "देखिए साहब, छह जानवर हैं, डायनासोर इनमें तीन ही हैं. बाक़ी तीन रिश्तेदार भी नहीं हैं, मगर थैली एक ही है." त्यांचा धंदा काही कमी झाला नव्हता. उलट लोक ऐकायला थांबायचे.

त्या सिनेमालाही आम्ही गेलो होतो. जायला नको होतं. म्हणजे, मी इंदुताईंबरोबर जायला नको होतं. पडद्यावर ते माणसाएवढे चपळ शिकारी स्वयंपाकघरात शिरले, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि ही बाई माझ्या कानात, "एवढा नव्हताच मुळी तो! फार तर मोठ्या कोंबड्याएवढा!" कानात म्हणते मी, पण त्यांचा कानातला आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मोठा डायनासोर आला तेव्हा, "हललं नाही तर दिसत नाही म्हणे! का, आंधळा होता का तो? आणि शेपूट हवेत कसलं धरलंय!" पुढच्या रांगेतला एक मुलगा शेवटी मागे वळून म्हणाला, "माताजी, आप ही पर्दे पर आ जाइए." सगळे हसले. इंदुताईही हसल्या, आणि त्यांनी त्याला पिशवीतले भाजलेले शेंगदाणे दिले. मध्यंतरात तोच मुलगा आपल्या मित्रांना घेऊन आमच्याकडे आला आणि मध्यंतर संपून गेलं तरी प्रश्न विचारत राहिला. मी माझा समोसा एकटीने खाल्ला.

असं सगळं जग दुरुस्त करत ही बाई निवृत्त झाली. शाळेने निरोप म्हणून शाल दिली, आणि प्रयोगशाळेत जागा हवी होती म्हणून इतकी वर्षं तिथे उभा असलेला तो डायनासोरही दिला. तसा तो त्यांचाच होता. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून तो केला होता, याच सिव्हिल लाइन्सच्या व्हरांड्यात. मेजरसाहेब तेव्हा जवळच बबिन्याच्या छावणीत होते आणि सुटीच्या दिवशी झाशीला घरी यायचे. इंदुताईंनी पुस्तकातलं चित्र वर्तमानपत्राच्या कागदांवर मोठं करून काढायचं, आणि त्यावरून मेजरसाहेबांनी लोखंडी सळ्या वाकवायच्या, तरट गुंडाळायचं, वर प्लास्टर चढवायचं. एक आख्खा हिवाळा दोघांनी त्यात घातला. मेजरसाहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. त्यांची गणवेशातली एक तसबीर, एक अवजारांची पेटी, आणि हा डायनासोर, एवढंच इंदुताईंनी मांडून ठेवलं होतं. मुलगी नागपूरला. संध्याकाळी त्या व्हरांड्यात चहा घेत बसायच्या, तेव्हा त्याच्याच बाजूला खुर्ची असायची. कुणी काही म्हणायचं कारण नव्हतं.

आता गणपतीचं सांगते. झाशीतली आम्ही मराठी माणसं वर्षभर हिंदीत जगतो, पण भाद्रपदात सगळी एका मांडवाखाली येतो. जुन्या घरांतले लोक, बँकेतले, रेल्वेतले, बबिन्याची लष्करी कुटुंबं. आरती मराठीत, भांडणं हिंदीत. आमचे चिटणीस भालेराव. त्यांच्या राज्यात देखावा म्हणजे समुद्रमंथन. दर वर्षी तोच वासुकी, फक्त रंग नवा. मग एका वर्षी मंडळातली तरुण पोरं बिथरली. त्यांना मराठी समजतं सगळं, बोलायची वेळ आली की हिंदीवर येतात. ती म्हणाली, "काका, इस बार डायनासोर. जोगळेकर काकूंकडे तयार खडा है."

भालेराव कसेबसे तयार झाले. 'प्राचीन सृष्टी' असं नाव ठरलं आणि देखाव्याचं काम इंदुताईंकडे आलं. इतक्या वर्षांत मंडळाने त्यांना फार तर तिळगुळाच्या समितीत घेतलं होतं. त्या इतक्या खूश झाल्या की मला ते बघवेना. पण पहिल्याच बैठकीत ठिणगी पडली. पोरांना डायनासोरसमोर भाला घेतलेला आदिमानव हवा होता. त्यासाठी एकाने दाढीही वाढवायला घेतली होती.

"माणूस नाही," इंदुताई म्हणाल्या. "एकही नाही."

भालेराव म्हणाले, "अहो ताई, मग गणपती कसा चालतो तिथे?"

"तो अनादि आहे. त्याला कोण विचारणार? तुमच्या आदिमानवाला मात्र तारीख आहे."

पोराने दाढी काढली. नेचे लावायचे ठरले, मागे ज्वालामुखी, आणि मधोमध चौरंगावर बाप्पा, त्याच्या उजव्या हाताला डायनासोर.

गणपती आठवड्यावर आले असताना वंदना आली. वंदना म्हणजे इंदुताईंची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी. त्यांच्यामुळेच प्राणिशास्त्र शिकली, लखनौला कॉलेजात शिकवते. झाशीला आली की आधी बहनजींच्या पाया पडणार, मग माहेरी जाणार. मी तिथेच होते. पाया पडून झालं, पेढा खाऊन झाला, आणि मग ती डायनासोराकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. इंदुताई उत्साहाने देखाव्याचं सांगत होत्या आणि ही नुसती "जी बहनजी, जी बहनजी" करत होती.

शेवटी इंदुताईच म्हणाल्या, "वंदना, क्या बात है? तेरा मुँह ऐसा कब होता है, मैं जानती हूँ."

"बहनजी, कैसे कहूँ..."

"सीधे कह."

"इसकी पूँछ ज़मीन पर नहीं होती थी."

मग ती सांगत गेली. हळू आवाजात, मान खाली घालून. पूर्वी सगळे तसंच समजत होते, पुस्तकांत, संग्रहालयांत. पण पावलांचे ठसे सापडतात तिथे शेपूट घासल्याची खूण जवळजवळ कधीच नसते. हा प्राणी असा कांगारूसारखा ताठ बसायचा नाही. शरीर पुढे झुकलेलं, आडवं, आणि शेपूट मागे हवेत, तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं. आणि आणखी एक, बहनजी. ते सगळे संपले नाहीत. पक्षी आहेत ना, ते त्यांचेच. "हड्डियाँ वही हैं, बहनजी. पढ़नेवाले ग़लत थे."

खरं सांगते, मला आधी गंमत वाटली. जगाच्या चुका काढणाऱ्या बाईच्या स्वतःच्या व्हरांड्यात, खांद्याएवढी चूक, झेंडूची माळ घालून! मी चेष्टेचं काहीतरी बोलणार होते. पण इंदुताईंचा चेहरा पाहिला आणि शब्द गिळले. त्या प्राण्याकडे बघत नव्हत्या. त्या प्लास्टरकडे बघत होत्या, जिथे अजून मेजरसाहेबांच्या बोटांचे ठसे दिसायचे.

त्यांनी वंदनाला रागावलं नाही. उलट तिने आणलेले सगळे कागद ठेवून घेतले आणि पुढचे दोन दिवस फाटक बंद. तिसऱ्या दिवशी मी जबरदस्तीने आत गेले. बाई जेवल्याच नव्हत्या धड. म्हणाल्या, "वंदना बरोबर आहे. मी इतकी वर्षं मुलींना 'सगळे डायनासोर मेले' म्हणून सांगितलं, आणि खिडकीत चिमण्या बसलेल्या असायच्या."

"मग आता?"

"शेपूट कापावं लागेल. धड पुढे झुकवायचं आणि शेपूट मागे सरळ जोडायचं."

मी म्हटलं, "अहो, फुटेल ते! इतकं जुनं प्लास्टर. अख्खा डायनासोर जाईल हातचा."

"जाईल कदाचित."

"आणि कुणाला कळतंय इथे? भालेरावांना? तुम्ही त्यांना अजगर दाखवून डायनासोर म्हटलं तरी ते आरती करतील."

भालेराव स्वतः येऊन हेच सांगून गेले. देखाव्याची पत्रकं छापून झाली होती, डायनासोर मोडला तर मांडवात नुसते नेचे राहणार. नागपूरहून मुलीचा फोन आला. तिला मीच कळवलं होतं. ती फोनवर रडलीच. "आई, बाबांनी केलेलं तेवढंच आहे गं आपल्याकडे. त्याला हात लावू नकोस. तुला पाहिजे तर दुसरा कर." इंदुताई ऐकत राहिल्या. फोन ठेवला, डोळे पुसले, आणि खुर्चीवर बसून राहिल्या. मला वाटलं, चला, मुलीने वाचवलं. देखाव्यात शेपूट टेकलेलाच जाणार, आणि ही बाई आयुष्यात पहिल्यांदा एक चूक चूक म्हणून सोडून देणार. मला त्याचं वाईट वाटलं, हेही सांगून टाकते. माझ्या आयुष्यात एवढी एकच बाई होती जी सोडून देत नसे.

मग त्या एकदम म्हणाल्या, "त्यांनी विचारलं होतं मला."

"कुणी?"

"ह्यांनी. सळ्या वाकवताना. म्हणाले, 'इंदू, हा शेपटीवर बसलाय तर धावतो कसा? शेपूट ओढत पळणार का हा? पुढचं एवढं वजन, मागे तोलायला काहीतरी हवं.' लष्करातला माणूस, पूल बांधणारा. त्यांना तोल कळत होता. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, 'चूक! पुस्तकात आहे तसं करा.' त्यांनी केलं बिचाऱ्यांनी. म्हणजे हे त्यांचं नाहीच, शरू. हे माझं आहे. त्यांच्या मनातला अजून करायचा राहिलाय."

मी उठले आणि वंदनाला बोलावून आणलं.

दुपारी जेवणं झाल्यावर काम सुरू झालं. मेजरसाहेबांच्या पेटीतली लोखंड कापायची करवत इंदुताईंनी स्वतः घेतली. वंदनाने डोकं धरलं, मी कंबर. माझ्या वयाला डायनासोराची कंबर धरायची पाळी येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पहिल्या घावाला प्लास्टरचा पापुद्रा उडाला. इंदुताईंनी डोळे मिटले, परत उघडले आणि करवत चालवत राहिल्या. पांढरी धूळ त्यांच्या केसांवर, चष्म्यावर. एका जागी कडकन आवाज झाला, मी "गेलं!" म्हणून ओरडले, पण गेलं नव्हतं. सळी तुटली होती, आणि शेपूट अखंड खाली उतरलं.

कापल्या जागी तरट दिसायला हवं होतं. दिसली हिरवी लोकर.

इंदुताईंनी बोट घालून ओढली. आला तो एक लांब, जाड, लष्करी हिवाळी मोजा. लाकडाच्या भुशाने गच्च भरलेला, सळीवर ओवलेला. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे तिसरा, थोडा बारीक. शेपूट निमुळतं व्हायला हवं म्हणून करणाऱ्याने मोज्यांत कमी कमी भुसा भरत नेला होता. टोकाला पातळ पांढरा मोजा, खेळायचा.

वंदनाला काही कळेना. मलाही नाही. इंदुताई मात्र जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला, आणि त्यातच कधी रडू आलं ते त्यांनाही कळलं नसेल. "मोजे!" त्या म्हणाल्या. "अगं, त्या हिवाळ्यात ह्यांचे मोजे रोज हरवायचे. मी म्हटलं, धोबीच लंपास करतो. रामसेवकशी काय भांडले मी! फाटकात उभी राहून, सगळ्या गल्लीदेखत. त्याचं येणं बंद केलं. आणि हा माणूस इथे बसून शांतपणे शेपूट करत होता!"

"पण मेजरसाहेब बोलले का नाहीत?" मी विचारलं.

"घाबरले असतील. आधी तरट कमी पडलं म्हणून गुपचूप घेतले असतील मोजे, आणि मी एवढं तोंड सोडल्यावर कबूल करायचं कसं? सीमेवर जाऊन आलेला माणूस, बायकोपुढे गप्प!" त्यांनी तो मोजा मांडीवर ठेवून त्यातला भुसा हाताने झटकला.

डायनासोर नीट झाला. वेल्डर बोलावून सळी जोडली, तेच मोजे परत ओवले, वर नवं प्लास्टर दिलं. पुढे झुकलेला, शेपूट हवेत, आता पळेल की मग पळेल असा. मांडवात बाप्पाशेजारी त्याला पाहून भालेरावही म्हणाले, "आता जिवंत वाटतोय." नागपूरची मुलगी येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली. इंदुताई दहाही दिवस तिथे उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या की आधी मी हा चुकीचा केला होता, पाहा, इथे जोड दिसतोय. भालेरावांना त्यांनी मोर हाही डायनासोरच असल्याचं सांगितलं, तेव्हा भालेराव विचार करून म्हणाले, "म्हणजे कार्तिकेयाचं वाहन! मग आपल्या बाप्पाच्या घरातलाच की हो." तेव्हापासून ते देखाव्याचं श्रेय स्वतः घेऊ लागले.

पुढच्या वर्षी इंदुताई मुलीकडे नागपूरला गेल्या, डायनासोर मालमोटारीत घालून. तिथेच वारल्या. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या मांडवातल्या नाहीत. शेपूट कापलं त्याच संध्याकाळच्या येतात.

हातपाय धुतले, पण केसांतली पांढरी धूळ तशीच होती. त्यांनी दोन मोजे बाजूला काढून पिशवीत घातले आणि म्हणाल्या, "चल." मागच्या गल्लीत, लिंबाखाली रामसेवकची इस्त्रीची टपरी होती. आता तो चांगलाच म्हातारा झाला होता. कोळशाची इस्त्री नातसून फिरवायची आणि तो खाटेवर बसून घड्या घालायचा. इतकी वर्षं इंदुताई त्या गल्लीतून जाताना दुसऱ्या बाजूने जायच्या. त्या दिवशी सरळ त्याच्या खाटेसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मोजे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"रामसेवक, मोजे मिल गए. तुमने नहीं लिए थे. मैंने सबके सामने तुम्हें चोर कहा. मुझसे बहुत बड़ी ग़लती हुई."

गल्लीतल्या लोकांना ऐकू जावं म्हणून त्यांनी ते मोठ्याने म्हटलं. शेजारचा पानवाला वाकून बघायला लागला. रामसेवकने मोजा हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला आणि परत खाटेवर ठेवला.

"हमें तो मालूम ती, बैनजी," तो म्हणाला. "साब ने खुद बताई ती. हात जोड़ के कई ती, मेमसाब से नईं कहियो. फिर जब लौं जिए, बर्दी हमई सें धुआउत रये. पछाई के फाटक सें."

म्हणजे साहेब जिवंत होते तोवर त्यांचा गणवेश मागच्या फाटकातून याच्याकडेच धुवायला जात होता. मी इंदुताईंना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांना काहीच न बोलता उभं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रामसेवकने सरकून खाटेवर जागा केली. त्या बसल्या. नातसुनेने इस्त्री बाजूला ठेवून चहा टाकला.

चहा अर्धा झाल्यावर रामसेवक म्हणाला, "अब कल सें कपड़ा पठा दियो."

"सब?" इंदुताईंनी विचारलं. "मोजे भी?"

म्हाताऱ्याने खाटेवरचे दोन्ही मोजे उचलून त्यांच्या हातात दिले.

"नईं बैनजी," तो म्हणाला. "मोजा तो आप घरई पे धो लियो."